12 मजली इमारत: वर शॉवरला धार नाही, खाली कनेक्शन पाईप फुटतात

गिरणाकाठ (जळगाव): इमारत 12 मजली. टाकी एकच, तळ गच्चीपासून 2 मीटर वर. पाणी वाघूर धरणाचं, उन्हाळ्यात बोअरचं मिसळतं. 12व्यावर शॉवर चालत नाही. पहिल्या-दुसऱ्यावर कनेक्शन पाईप वर्षभर टिकत नाहीत. पंप बसवावा की पीआरव्ही (दाब कमी करणारा वॉल्व्ह)? मुंबईत सत्तर मजल्यांना कसं जमवतात?

तापीकर: भाऊ, दोन्ही बसवा, पण एकाच लाइनवर नको. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (दाबाचं माप), म्हणजे मजल्यामागे 0.3. तुमच्या 12व्याच्या शॉवरला जेमतेम 0.3 बार मिळतो, पहिल्यावर साडेतीनच्या वर. त्यात वॉशिंग मशीनचा वॉल्व्ह झटक्यात बंद झाला की दाब क्षणभर उसळतो आणि कनेक्शन पाईप तिथेच जातो.

वरच्या 3 मजल्यांची लाइन वेगळी काढून तिच्यावर प्रेशर पंप टाका. पंपाला समांतर बायपास हवाच, त्यावर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल्व्ह). बायपास नसला तर वीज गेल्यावर या मजल्यांना टाकीचं साधं पाणीही धड येत नाही. खालच्या 9 मजल्यांच्या लाइनला टाकीजवळ एअर व्हेंट (हवेचा उघडा पाईप) द्या, तोंड पाणीपातळीच्या वर.

नळजोडणी_धुळे: पीआरव्ही 6व्या मजल्याच्या डक्टमध्ये बसवा. तिथे दाब 2.1 बारच असतो, त्यामुळे अडीचवर सेट केलेला वॉल्व्ह काहीच करत नाही, आणि ही चूक फार होते. 1 बारवर ठेवा, पहिल्यावर अडीच मिळेल. सेटिंग खालचे सगळे नळ बंद ठेवून, गेज बघत करा.

वॉल्व्हच्या आधी वाय-स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) लावा, बाण प्रवाहाच्या दिशेने. बोअरचा पांढरा क्षार सीटवर (वॉल्व्ह जिथे टेकून मिटतो तिथे) बसला की वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही: दिवसा गेज 1 दाखवतो, पहाटे 2. असं दिसलं की आधी जाळी आणि सीट धुवा, मग वॉशर बघा. बोअर चालू असेपर्यंत जाळी दर महिन्याला काढा.

तापीकर: मुंबईचं गणितही हेच. लोअर परळचा वर्ल्ड वन 280 मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीचं पाणी एकाच सरळ पाईपने उतरवलं तर तळाशी 28 बार होतील, आणि घरगुती गिझर फार तर 8 बारचे. म्हणून अशा इमारतींत उंचीचे टप्पे पाडतात: मधल्या सर्व्हिस मजल्यांवर टाक्या किंवा पीआरव्ही, आणि पाणी वर चढवतानाही टप्प्याटप्प्यानेच.

गिरणाकाठ: 6व्याच्या डक्टमध्ये हात जात नाही. 5व्यावर चालेल?

नळजोडणी_धुळे: चालेल. 1.2 वर ठेवा. पण 6व्यावरचा 2.1 तसाच राहील, तिथे अडचण नाही. पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंना बॉल वॉल्व्ह आणि युनियन (खोलता येणारा जोड) टाका, नाहीतर जाळी धुवायला प्रत्येक वेळी 9 मजल्यांचं पाणी बंद करावं लागेल.