‘पोरगं कंपनीत आहे’ : सोलापुरात या वाक्याला एवढं वजन का?

घरकुलकर
घरी बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. एक मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, बरीच वर्षं एकाच ठिकाणी. दुसरा चाकणला ‘कंपनीत’. कुठल्या, काय काम करतो, कुणी विचारलंच नाही. मावशी लगेच म्हणाली, “कंपनीतलं आहे, सोडू नका.”

माझं म्हणणं, कंपनी हा नोंदणीचा एक प्रकार आहे, पगाराची हमी नव्हे. 2 माणसं मिळून प्रायव्हेट लिमिटेड काढता येते. तो टॉवेलवाला मालकसुद्धा प्रायव्हेट लिमिटेडच आहे! पण पुण्याच्या गाडीत बसलं की कंपनी, इथं राहिलं की कारखाना, असा आपला हिशोब.

सात रस्ता
लोक येडे नाहीत. ‘कंपनी’ म्हणताना कुणी नोंदणीचा दाखला बघत नाही. ठरलेल्या तारखेला खात्यात पगार, स्लिप, पीएफ, आजारपणाला ईएसआयचं कार्ड, हे सगळं त्या एका शब्दात येतं. लूमवर काय? मीटरवर मजुरी, आठवड्याला रोख, वीज गेली की हात बांधून बसा. स्लिप नसली तर बँकेत घरकर्जाच्या टेबलापर्यंत पण पोचत नाही माणूस. मावशी बरोबर आहेत.

हिशेबनीस
सात रस्ता, स्लिपचं मान्य. पण पीएफचा कायदा कंपनी आहे की मालकाची एकट्याची फर्म, हे बघत नाही. तो माणसं मोजतो. 20 कामगार झाले की लागू. म्हणूनच एका आवारात बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावानं वेगवेगळे बोर्ड लागतात.

कंपनीचा खरा फायदा मालकाला. ‘लिमिटेड’ म्हणजे बुडालं तर भागभांडवलापुरतं बुडालं, राहतं घर सहसा वाचतं. बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते तेव्हा तेही वाचत नाही, ते सोडा. यात कामगाराला काय मिळालं?

चाकण रिटर्न
मी होतो त्या ‘कंपनीत’. गळ्यातल्या पट्टीवर कंपनीचं नाव ठळक, पगाराच्या स्लिपवर ठेकेदाराचं. बस वेगळी, कँटीनचं कूपन वेगळ्या रंगाचं. ऑर्डर कमी झाली की गेटवर पंचिंग कार्ड चालेना, तेवढंच कळायचं. गावात मात्र आई शेवटपर्यंत “कंपनीत आहे” सांगत होती. घरकुलकर, त्या मुलाची स्लिप मागा बे. वरची पहिली ओळ वाचा फक्त.

सात रस्ता
सगळे ठेक्यावर नसतात. तुमचा अनुभव वाईट म्हणून शब्दच खोटा होत नाही.

जुनी मिल
इथं थोडा इतिहास घालतो, राहवत नाही. 1877 ची आपली जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी लिमिटेड. अस्सल कंपनी! पण आमच्या घरात कुणी ‘कंपनीत जातो’ म्हटलं नाही, भोंगा झाला की ‘मिलमध्ये’ जायचे.

1949 मध्ये मिल बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये सरकारनं अध्यादेश काढून कारभार आपल्या संचालकांच्या हाती दिला. चरणजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1950 मध्ये बहुमतानं याचिका फेटाळली. कंपनी ही भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे, तिची मालमत्ता म्हणजे तुमची मालमत्ता नव्हे, हा मुद्दा त्यात आला. पुढं द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात, डिसेंबर 1953 मध्ये, त्याच न्यायालयानं तो अध्यादेश घटनाबाह्य ठरवला. देशभर कायद्याची पोरं आजही हे दोन खटले वाचतात, आणि आपल्याला जुन्या मिलची जागा तेवढी माहीत.

तर भागधारकाच्या हाती जी कंपनी लागली नाही, ती तिथल्या नोकराला काय हमी देणार?

टकाटक
माझा भाऊ पण कंपनीत आहे. एसआरपीच्या. निवडणूक आली की अख्खी कंपनी बंदोबस्ताला जाते. 😄 स्थळ सांगताना ‘कंपनीत’ म्हणू का?

बाकी 2013 च्या कायद्यानं एकट्या माणसाचीही कंपनी निघते. एका मित्राची आहे. तिचा सभासद तो एकटाच, पण रात्री चहाला कंपनी द्यायला आम्ही लागतो.

माळशिरसचा ऊसवाला
तुम्ही शहरवाले नोकरीतच अडकलात. आमच्याकडं वाद उलटा आहे. सहकारी साखर कारखान्यात एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. खासगी कारखाना म्हणजे कंपनी, तिथं जितके शेअर तितकी मतं. ऊस उत्पादकाला तिच्या सभेत खुर्ची पण नाही. त्यामुळं आमच्या गावात ‘कारखाना कंपनीकडं गेला’ हे वाक्य चांगल्या अर्थानं कुणी बोलत नाही.

हिशेबनीस
शेतकरी उत्पादक कंपनी विसरलात. 2002 च्या दुरुस्तीनं आली. 10 शेतकरी पुरतात, आणि तिथंही माणशी एकच मत. नाव कंपनी, मतदान सोसायटीचं.

माळशिरसचा ऊसवाला
आमच्या भागातली एक बघितली. कागदावर सभासद ढीगभर, सही करणारे तिघं, तिन्ही एका घरातले. एक मत असून उपयोग काय, सभेची नोटीसच येत नाही. त्यापेक्षा खासगीवाला बरा, निदान उसाचं बिल वेळेवर काढतो.

सात रस्ता
घ्या! शेवटी तुम्ही पण मावशीच्याच बाजूला आलात.