लिझी सिडल आणि रोझेटी: याला प्रेम म्हणायचं का?

पाटीपेन्सिल (डोंबिवली)

नमस्कार. इथं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी तीन वर्षं मॉडेल म्हणून बसते. दर रविवारी दादरला एका चित्रवर्गात, मधल्या वारी कुणी बोलावलं तर त्यांच्या स्टुडिओत. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं सुटी. सुटीआधी कुणीतरी पायांभोवती खडूची रेघ ओढतं, म्हणजे परत बसताना पाऊल तिथंच पडतं. पहिली दहा मिनिटं काही वाटत नाही. मग ज्या हातावर भार असतो त्याला मुंग्या येतात, आणि मग तो हात आपला राहतच नाही.

म्हणून इंग्लिश चित्रकार मिलेच्या ‘ऑफेलिया’ची, म्हणजे ‘हॅम्लेट’मधल्या पाण्यात बुडणाऱ्या मुलीच्या चित्राची, हकिगत वाचली तेव्हा चित्रातली फुलं-पानं बाजूलाच राहिली, मला टब दिसत राहिला. त्यासाठी बसलेली लिझी सिडल, लंडनच्या एका टोप्यांच्या दुकानात काम करणारी पोर. १८५१-५२च्या हिवाळ्यात गॉवर स्ट्रीटवरच्या घरात कपड्यांसकट पाण्यात पडून राहायची. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे. एकदा ते विझले, मिले रंगवतच राहिला, आणि ही काही बोलली नाही. आजारी पडली. वडिलांनी डॉक्टरच्या खर्चाचे ५० पौंड मागितले. ती का बोलली नाही हे मला कुणी सांगायला नको. पोझ मोडली की समोरच्याचं तोंड उतरतं, आणि पैसे तर त्याच्याकडूनच घ्यायचे असतात.

पुढे चित्रकार-कवी दान्ते गाब्रिएल रोझेटीनं तिला दुसऱ्या कुणाकडे बसू दिलं नाही. शेकड्यानं रेखाटनं केली. लग्न मात्र जवळजवळ दहा वर्षं लांबवलं, ते १८६० मध्ये झालं. १८६१ मध्ये मुलगी मृत जन्मली. ११ फेब्रुवारी १८६२ला लॉडनमचा डोस जास्त होऊन लिझी गेली. वय ३२.

हे सगळीकडे अमर प्रेमकहाणी म्हणून सांगतात. माझ्या बाबतीतही एका चित्रकारानं वर्षभर माझ्याशिवाय काही काढलं नव्हतं. दुसरीकडे बसले की अबोला. आणि त्या चित्रांतली बाई हळूहळू मी राहिले नाही. मान लांब झाली, ओठ बदलले, हनुवटीवरचा व्रण गेला. मी ते काम सोडलं, पण प्रश्न सुटला नाही. हे प्रेम असतं का? आणि लॉडनम म्हणजे नेमकं काय, ते एवढं सहज कसं मिळायचं?

औषधवाला_लालबाग

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे.

लॉडनम म्हणजे अफूचा दारूतला अर्क. लालसर तपकिरी रंग, चव जहाल कडू. इंग्लंडमध्ये १८६८च्या कायद्यापर्यंत ते कुणीही विकावं, किराणावाल्यानंसुद्धा. खोकला, जुलाब, दाढदुखी, बायकांचं पाळीचं दुखणं, निद्रानाश, सगळ्याला तेच. रडणाऱ्या तान्ह्या पोरांनाही अफू घातलेली औषधं पाजत. आणि हे लांबच्या लोकांचं म्हणून वाचू नका. आमच्या गिरणगावात बाया पोराला अफूची बाळागोळी चाटवून गिरणीच्या पाळीवर जायच्या. आजी सांगायची, गोळी दिलेलं पोर भोंगा वाजेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. तिला ते आठवलं की डोळ्यांत पाणी यायचं. दुसरा इलाजच नव्हता, म्हणायची.

अफू आतडं मंद करते, भूक मारते. माणूस वाळतं, फिकट पडतं. अंगवळणी पडली की तेवढ्याच आरामासाठी डोस वाढवावा लागतो, आणि वेळ चुकली की पोटात कळा, उलट्या, घाम, तळमळ. लिझीची ही लक्षणं तेव्हाच्या लोकांना नाजूकपणा वाटली असतील. मी तिच्या फिकट सौंदर्याचं वर्णन वाचतो तेव्हा मला खोकल्याच्या औषधाची ठरावीक बाटली चिठ्ठीशिवाय मागायला येणारी पोरं आठवतात. आधी आठवड्यानं येतात, मग दिवसाआड. डोळे खोल गेलेले. नाही म्हटलं की हात जोडतात. त्यातल्या एकाची आई नंतर दुकानात आली होती. त्यावर मी इथं लिहू शकणार नाही.

रोझेटीही सुटला नाही. क्लोरल हे झोपेचं औषध म्हणून १८६९ मध्ये पुढे आलं, त्यानं लगेच पुढच्या वर्षी धरलं. चव घाणेरडी म्हणून वरून व्हिस्की. १८७२ मध्ये भ्रम झाला, लोक आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटायला लागलं, आणि त्यानं स्वतः लॉडनमची बाटली घेतली. वाचला. १८८२ मध्ये गेला तेव्हा वय अवघं ५३.

भुईचाफा

मला मात्र ते प्रेमच वाटतं. आपल्या कवितांची वही त्यानं तिच्या शवपेटीत, केसांजवळ ठेवली. कवी माणूस आपली वही कुणाला देतो? आणि ‘बीआटा बीआट्रिक्स’ हे त्यानं काढलेलं लिझीचं चित्र बघा. ती गेल्यावर वर्षानुवर्षं तो त्या चित्रावर काम करत होता. लाल पक्षी तिच्या ओंजळीत अफूचं फूल टाकतोय. ज्यानं तिला नेलं तेच फूल त्यानं तिथं रंगवलं. अपराधीपणा आहे त्यात, आणि तो प्रेमाशिवाय येत नाही.

पाटीपेन्सिल

भुईचाफा, अपराधीपणा मलाही दिसतो. पण तीच वही त्यानं १८६९च्या ऑक्टोबरमध्ये परत काढून घेतली. हायगेटच्या दफनभूमीत, रात्री, शेकोटीच्या उजेडात पेटी उघडली. तो स्वतः गेला नाही, माणसं पाठवली. पानं जंतुनाशकात भिजवून वाळवली आणि १८७०ला पुस्तक छापून आलं. त्यातल्या कितीतरी कविता तोवर जेन मॉरिससाठी होत्या, म्हणजे मित्राच्या बायकोसाठी. ती ऑक्सफर्डच्या तबेल्यात काम करणाऱ्याची मुलगी. नंतर तिचाही चेहरा असाच चित्रामागून चित्रात.

माई_गिरगाव

बाळ, मी चित्रकला शिकवून निवृत्त झाले. तुझा हनुवटीचा व्रण वाचून थांबले.

रोझेटीची बहीण क्रिस्तिना हिनं १८५६ मध्येच भावाच्या स्टुडिओवर एक सुनीत लिहिलंय. प्रत्येक कॅनव्हासमधून एकच चेहरा बघतोय, पण ती आहे तशी नाही, त्याच्या स्वप्नात आहे तशी. घरातल्या बाईला हे तेव्हाच कळलं होतं. तेव्हा तुला जे वाटलं ते मनाचे खेळ नव्हते.

आता माझं म्हणणं. तुम्ही सगळे लिझीकडे रोझेटीच्या डोळ्यांनी बघताय. ती स्वतः चित्रकार होती. १८५५ मध्ये कलासमीक्षक रस्किननं तिची चित्रं घेण्यासाठी वर्षाला १५० पौंड बांधून दिले. रोझेटी-मिलेंच्या प्री-राफेलाइट गटाच्या १८५७च्या प्रदर्शनात तिची चित्रं होती, त्या पुरुषांच्या गर्दीत एकट्या बाईची. तिनं १८५३-५४ मध्ये केलेलं आत्मचित्र शोध. लहानसं, गोल. पापण्या जड, ओठ मिटलेले, केस साधे मागे घेतलेले. कुणाला आवडावं म्हणून केलेलं काही नाही त्यात. शेजारी रोझेटीनं काढलेली लिझी ठेव, दोन वेगळ्या बाया वाटतील.

आणि हे आपल्यापासून फार लांब नाही. जे. जे. स्कूलमध्ये १८६५ला शिकवायला आलेल्या लॉकवुड किपलिंगची बायको अ‍ॅलिस आणि रोझेटीच्या वर्तुळातल्या चित्रकार बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना या सख्ख्या बहिणी. बर्न-जोन्स मारिया झांबाको या शिल्पकार बाईच्या मागे वेडा झाला. १८६९ला तिनं लंडनच्या कालव्यावर जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी त्यानं तिचाच चेहरा ग्रीक कथेतल्या फिलिसला दिला, झाडातून निघून सोडून गेलेल्या प्रियकराला मिठी मारणारी फिलिस, आणि ते चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. जॉर्जियाना मुलं घेऊन घरात. मी जे. जे.मध्ये शिकत होते तेव्हा त्या आवारात मला नेहमी वाटायचं, बहिणीची पत्रं इथं येत असतील तेव्हा अ‍ॅलिस ती कुठं बसून वाचत असेल?

जे. जे. १८५७ साली उभं राहिलं तेही जमशेटजी जीजीभॉयांनी दिलेल्या लाख रुपयांवर. त्यांची कमाई कापसाची आणि माळव्याहून चीनला जाणाऱ्या अफूची. त्या शाळेनं मला हात दिला. तरी ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले.

पाटीपेन्सिल

माई, ते आत्मचित्र आज सकाळी गाडीत पाहिलं. मुंब्रा ते घाटकोपर बघतच होते. ती कुणासाठी बसलेली नाही, एवढंच दिसलं. आणि तिलाही हाताला मुंग्या आल्या असतील, पण मोडायची वेळ तिची तिनं ठरवली असेल.

काका, त्या मुलाच्या आईबद्दल वाचून गलबललं. तुम्ही लिहिलंत, आभार.

माई, एक विचारू? मला स्वतःला काढून बघायचंय. व्रणासकट. घरी आरसा कपाटाला जडवलेला आहे, हलत नाही. चालेल का?

माई_गिरगाव

चालेल. कपाटच खिडकीकडे वळव, उजव्या हातानं काढत असशील तर उजेड डावीकडून येऊ दे. पावलांभोवती खडूची रेघ स्वतःच मार. झालं की इथं टाक, मी बघते.