किकुयू आणि कांबा भाषांत 'झाड': मुती की मोते?

प्रश्न: केनियाबद्दल वाचताना झाड या अर्थी 'मुती' हा शब्द भेटतो, कुठे किकुयू म्हणून, तर कुठे कांबा म्हणून. दोन्हींत शब्द एकच आहे का? आणि एका किकुयू माणसाच्या तोंडून तो मला चक्क 'मोते' असा ऐकू आला. मराठीत लिहायचं काय?

प्रतिसाद: बरोबर ऐकलंत, 'मोते'च. दोन्ही भाषांत शब्द तोच आणि स्पेलिंगही तेच. घोळ रोमन लिपीचा आहे. या भाषांत स्वर सात, रोमनमध्ये अक्षरं पाच. म्हणून 'यू' आणि 'आय' यांच्या डोक्यावर नागमोडी रेघ देऊन जास्तीचे दोन स्वर दाखवतात. रेघवाला 'यू' म्हणजे आपला ओ, रेघवाला 'आय' म्हणजे आपला ए. टंकताना लोक रेघा गाळतात आणि 'मोते'चं 'मुती' होतं. खुद्द भाषेचं नावही 'गेकोयो'च्या जवळ जातं, त्यातला ग जरा घासून.

अनेकवचन 'मेते'. आपण शेपूट बदलतो (झाड, झाडं), ते डोकं बदलतात. विशेषणही मागोमाग बदलतं: मोठं झाड म्हणजे 'मोते मोनॅनॅ', मोठी झाडं म्हणजे 'मेते मेनॅनॅ'. माणसाचा शब्द 'मोन्दो'ही मो-नेच सुरू होतो, पण त्याचं अनेकवचन 'आन्दो', कारण या भाषांत नामांचे वर्ग असतात आणि माणसांचा वर्ग वेगळा. म्हणजे नुसता मो- पाहून अनेकवचन ठरवायला जाऊ नका.

दुसरा प्रतिसाद: किकुयू आणि कांबा ज्या बांटू भाषाकुळातल्या, त्या कुळात हा मूळ शब्द लांबवर पसरलेला आहे. स्वाहिलीत 'म्ती', अनेकवचन 'मिती'. लुगांडात 'ओमुती', शोनात 'मुती'. झुलूत 'उमुथी' म्हणजे झाडही आणि औषधही. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत 'मुती' शिरला तो या औषधाच्या अर्थाने. आपल्याकडे झाडपाला म्हटलं की औषध डोळ्यांपुढे येतं, तसंच. किकुयूत मात्र औषधाला निराळा शब्द आहे, 'मोथाइगा'. नैरोबीतली मुथाइगा नावाची उच्चभ्रू वस्ती ऐकली असेल, तोच शब्द.

मूळ प्रश्नकर्ता: मग 'मुगुमो' हेही चुकीचं? वडाच्या जातीचं ते पवित्र झाड?

पहिलाच प्रतिसादक: अर्धं चुकीचं! या शब्दात दोन्ही 'यू' आहेत. पहिल्यावर रेघ आहे, दुसऱ्यावर नाही. म्हणून 'मोगुमॉ'. रेघा गाळल्या की कुठला कोणता हे कळायला मार्ग उरत नाही. शेवटचा स्वर उघडा, आपल्या ऑसारखा. त्यामुळे देवनागरीत या भाषा बिनरेघेच्या रोमनपेक्षा छान उतरतात असं माझं मत आहे; ए-ॲ आणि ओ-ऑ हे भेद आपल्याकडे आयतेच आहेत. कांबात याच झाडाला 'मोउमॉ' म्हणतात, मधला ग गळालेला.

किकुयू लोक मोगुमॉखाली प्रार्थना करत, बळी देत. त्याचं सरपणसुद्धा आणायचं नाही, असं वंगारी मथाई यांना लहानपणी आईने बजावलं होतं. त्याच मथाईंनी १९७७ मध्ये झाडं लावण्याची ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. थिका गावच्या मोगुमॉची कथाही प्रसिद्ध आहे: तो पडला की इंग्रजांचं राज्य जाईल, असं म्हणे एका द्रष्ट्याने सांगून ठेवलं होतं. लोक सांगतात, तो १९६३ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी पडला.

एक आणखी. किकुयूत झाडांची बरीच नावं 'मोते'च्याच वर्गातली आहेत, म्हणून सुरुवातीला मो- दिसला की ते झाड असण्याचा संभव बराच. पण वर 'मोथाइगा' आलंच आहे, तेव्हा पैज लावू नका.

लिहिण्याचं म्हणाल तर भाषेबद्दल लिहिताना 'मोते, मेते' लिहा. 'किकुयू' मात्र मराठीत रुळलंय, त्याला 'गेकोयो' करून वाचकाला छळू नका.