पाऊस लांबला, हापूसला पालवी आलीय, मोहोराचं काय करायचं?

सडेवाला_लांजा:
नमस्कार मंडळी, लांजा तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, थोडी वर सड्यावर (उंचावरच्या खडकाळ माळावर) कातळात आणि बाकीची खाली वहाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला. यंदा दिवाळी झाली तरी पाऊस हटला नाही आणि खालच्या कलमांना आत्ता लाल पालवी फुटलीय, वरची अजून गप्प आहेत. बाबा म्हणतात थंडी पडली की येईल मोहोर, शेजारचे म्हणतात आत्ताच फवारणी सुरू कर. मी मुंबईत असतो, महिन्यातून एकदाच जाणं होतं, तर कामं कशी लावू?

देवगडकर:
पालवी आलेल्या फांद्या लगेच मोहरणार नाहीत हे आधी धरून चाला. ती जून व्हायला अडीच-तीन महिने जातात. जमिनीत ओल राहिली की झाडाला पाण्याचा ताण बसत नाही, मग नुसती पालवीच येते. सड्यावर माती कमी, लवकर सुकते, त्यामुळे वरची आधी मोहरतील, खालची जानेवारी-फेब्रुवारीत. दोन्हीकडे एकाच तारखेला फवारणी अजिबात करू नका, पैसे वाया जातील. खालची पालवी मात्र उलटून बघा, तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) असतील तर तिथेच मारा, नाहीतर तेच पुढे मोहोरावर चढतात.

कलमवाले_काका:
देवगडकर म्हणतात ते बरोबर आहे. बाबांना सांगा, थंडी पाहिजेच, पण लांबली तर तीही नडते. कणी (अगदी बारीक फळ) धरल्यावर परत कडाक्याची थंडी आली की त्याच फांदीला पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीच्या वाटाण्याएवढ्या कैऱ्या गळतात, सकाळी झाडाखाली त्यांचा खच बघून जीव तुटतो हो. यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, जिब्रेलिक ॲसिड (झाडाची वाढ नियंत्रित करणारं संजीवक) ५० पीपीएम, म्हणजे १ ग्रॅम २० लिटर पाण्याला, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून. भरपूर मोहोर आलेल्या झाडांनाच मारा.

सडेवाला_लांजा:
खूप आभार काका. आणि ढगाळ हवा आली तर?

देवगडकर:
ढगाळ आणि दमट हवेत भुरी, करपा हे बुरशीचे रोग येतात, बुरशीनाशक तयार ठेवा. पण फुलं उमललेली असताना कीटकनाशक शक्यतो टाळाच, माश्या मेल्या तर फळ धरणार कसं? थोडं पुढचंही सांगतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन एकदम चढतं. कैरी वाटाण्याएवढी झाली की झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन-चार वेळा, आणि बुंध्याभोवती सुकं गवत पसरा. कातळ तापून खालून जी धग येते तिच्यामुळे साका (फळाच्या आत गर पांढरट, स्पंजासारखा होणं) वाढतो, गवतानं ती अडते. अंड्याएवढ्या कैरीला कागदी पिशव्या घाला, मजूर आत्तापासून सांगून ठेवा, नंतर मिळत नाहीत.

रत्नागिरीची_माई:
बाळा, फवारणीआधी विम्याचं बघ. हवामानावर आधारित फळपीक विमा आंब्याला ३० नोव्हेंबरपर्यंत भरता येतो. पाऊस आणि तापमान महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजतात, तुझ्या बागेत नाही, म्हणून तुमचं केंद्र कुठे आहे ते विचारून घे. आणि सातबाऱ्यावर आंब्याची नोंद आहे ना? नसेल तर यावेळी गेलास की आधी तलाठ्याकडे जा.