सिव्हिल प्रोसिजर : तयार आउटलाइन वापरावी का? (अमेरिकन लॉ स्कूल, पहिलं वर्ष)

निळी शाई :
दुसऱ्या वर्षाला आहे. आता नवीन बॅच आली की पहिला प्रश्न ठरलेला, सिव्ह प्रोसाठी (सिव्हिल प्रोसिजर, म्हणजे दिवाणी दावा कोर्टात कसा चालतो त्याचे नियम) कुणाची आउटलाइन (अख्ख्या विषयाच्या आयत्या नोट्स) आहे का. माझं मत आता ठाम झालंय, पहिल्या सेमिस्टरला दुसऱ्याची आउटलाइन हातात घेऊच नये.

मला एका सीनियरकडून जाडजूड फाइल मिळाली होती, किती वर्षं फिरत होती कोण जाणे, पण इतकी नीटनेटकी की शंकाच आली नाही. त्यात समन्स बजावायची मुदत १२० दिवस लिहिलेली, मी तेच पाठ केलं आणि मिडटर्मला तेच लिहून आलो. फेडरल कोर्टांच्या दिवाणी नियमांतल्या नियम ४(एम) मध्ये डिसेंबर २०१५ पासून ९० दिवस आहेत! मग घाबरून बाकीचं तपासलं तर डिस्कव्हरीचा (सुनावणीआधी एकमेकांकडून माहिती, कागदपत्रं मागवण्याचा) नियम २६(बी)(१) पण जुनाच, प्रपोर्शनॅलिटीचा (मागणी दाव्याच्या मानाने वाजवी हवी या अटीचा) पत्ता नाही. म्हणजे मी अख्खं सेमिस्टर रद्द झालेला कायदा शिकत होतो. नियम कॉर्नेल विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, दोन मिनिटांत दिसले असते, पण फाइल हातात असल्यावर नियम उघडायची गरजच वाटत नाही, खरा तोटा तो आहे.

उंबरठा :
फाइल जुनी होती हा फाइलचा दोष, त्यासाठी सगळ्याच मदतीला नाही म्हणणं मला पटत नाही.

वर्गात काय होतं ते आठव ना. पहिल्याच आठवड्यात पेनॉयर विरुद्ध नेफ, १८७८ चा निकाल. नेफकडे वकिलाची ३०० डॉलरच्या आतली फी थकली म्हणून त्याची ऑरेगॉनमधली जमीन विकली गेली, ती पेनॉयरकडे आली, मग नेफ परत येऊन भांडला. आम्ही त्यावर तीन तास घालवले, सर प्रश्नावर प्रश्न विचारत राहिले, पण यातलं आज काय शिल्लक आहे ते कुणी सांगितलं नाही. १९४५ च्या इंटरनॅशनल शू निकालापर्यंत पोचलो तेव्हा कळलं की बाहेरच्या प्रतिवादीवर कोर्टाचा अधिकार आहे का याची कसोटी आता मिनिमम कॉन्टॅक्ट्सची आहे, म्हणजे त्याचा त्या राज्याशी किमान संबंध हवा. ज्यांच्या घरात वकील आहेत त्यांना हा नकाशा आधीच माहीत असतो. माझ्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नाही, मला तो नकाशा छोट्या उदाहरणांच्या पुस्तकाने दिला. आधी प्रसंग, मग प्रश्न, मग उत्तर का बरोबर आणि का चूक. ते नसतं तर मी पहिल्या महिन्यातच हाय खाल्ली असती, हे अगदी मनापासून सांगतेय.

पाणकोंबडी :
मी निळी शाईच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे.

माझ्याकडे फ्लॅशकार्ड होती, ताजी होती, चूक एकही नाही. एका कार्डवर नियम १२(बी)(२), पर्सनल ज्युरिसडिक्शन, म्हणजे या कोर्टाचा प्रतिवादीवर अधिकार नाही हा आक्षेप. दुसऱ्यावर १२(बी)(६), दाव्यातून कारणच दिसत नाही म्हणून फेटाळा. दोन्ही पाठ. परीक्षेत आलं की प्रतिवादीने आधी फक्त १२(बी)(६) चा अर्ज केला, तो फेटाळला गेला, आता म्हणतो या कोर्टाचा माझ्यावर अधिकार नाही, चालेल का? नाही चालणार, १२(जी) आणि १२(एच) एकत्र वाचले की तो आक्षेप पहिल्याच अर्जात न घेतल्याने गेला. तेच सब्जेक्ट मॅटर ज्युरिसडिक्शन (त्या प्रकारचा दावा ऐकायचा कोर्टाचा अधिकार) असतं तर कधीही काढता येतं. सिव्ह प्रो म्हणजे हे नियम एकमेकांत कसे अडकलेत ते, आणि कार्डवर एका वेळी एकच नियम मावतो. मी शेवटी पूर्ण नियम १२ हाताने कागदावर उतरवला, बाण काढले, तेव्हा डोक्यात बसला.

निळी शाई :
@उंबरठा, उदाहरणांच्या पुस्तकाला माझा विरोध नाही, माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ते नीट आलं नाही. त्यात निदान स्वतः उत्तर शोधावं लागतं. आउटलाइनमध्ये दुसऱ्याने विचार करून झालेला असतो आणि आपल्या हातात नुसता निष्कर्ष येतो. दोन्ही एका मापात नको.

उंबरठा :
बरं, मग ईरी रेल्वे विरुद्ध टॉम्पकिन्स घे. १९३८. टॉम्पकिन्स पेनसिल्व्हेनियात रुळांच्या कडेने रात्री चालला होता, गाडीतून बाहेर आलेलं काहीतरी लागून हात गेला, दावा न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात. कायदा कुठला लावायचा, तर राज्याचा, फेडरल कोर्टाने स्वतःचा सामान्य कायदा लावावा म्हणणारा १८४२ चा स्विफ्टचा निकाल मोडीत. इथपर्यंत केस वाचून कळतं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेडरल नियम लागू झाले, मग राज्याचा कायदा आणि फेडरल नियम भिडले तर काय, ते १९६५ च्या हॅना निकालापर्यंत तुकड्यातुकड्याने येतं. हे धागे पहिल्या वर्षाच्या मुलाने एकट्याने जुळवावेत ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. बाकी चार विषय पण असतात. मला एका चांगल्या आउटलाइनमधल्या दीड पानाने ईरी कळला आणि मग मी केस परत वाचली, तेव्हा कुठे ती उलगडली.

पाणकोंबडी :
"मग परत वाचली" हेच तर. बहुतेक जण परत वाचत नाहीत गं.

साधी रेघ :
मी टीचिंग असिस्टंट होते, सरावाच्या उत्तरपत्रिका बघायचे. तयार आउटलाइनवाल्यांचं उत्तर लगेच ओळखू यायचं, पहिलं अर्धं पान सगळ्यांचं सारखं, प्रसंगातलं एकही नाव नाही. एकदा डायव्हर्सिटीच्या (वादी-प्रतिवादी वेगळ्या राज्यांचे म्हणून फेडरल कोर्टात आणलेल्या दाव्याच्या) प्रश्नात मागणी बरोब्बर ७५,००० डॉलरची ठेवली होती. कलमात त्याहून जास्त हवी असं आहे, म्हणजे दावा फेडरल कोर्टात बसतच नाही. कितीतरी जणांनी "७५ हजार, अट पूर्ण" लिहून पुढची दोन पानं भरली. पण उंबरठाचंही खरं आहे, काही जणांना पहिले सहा आठवडे आपण काय वाचतोय हेच कळत नसतं, त्यांना नुसतं नियम वाच म्हणणं मला जमलं नाही, मी त्यांना उदाहरणंच द्यायचे.

उंबरठा :
@निळी शाई, एक विचारायचं राहिलं, ती १२० दिवसवाली फाइल अजून फिरतेय का?

निळी शाई :
फिरतेय. या वर्षी माझ्याकडेच तिघांनी मागितली. ४(एम) आणि २६(बी)(१) दुरुस्त केलेत, बाकीचे नियम एकेक करून ताडून बघतोय, नियम १५ पर्यंत आलोय. तोपर्यंत कुणाला दिलेली नाही.