मदत हवी आहे: इंटर्नशिप पार पडते, पण 'हे काम मला करायचंय का' याचं उत्तर मुलांना मिळत नाही

कंदील

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या ४८ मुलामुलींसाठी सुट्टीतल्या ८ आठवड्यांच्या इंटर्नशिपची आखणी करते आहे. शाखा मिश्र आहेत. सोबत १६ मेंटॉर तयार आहेत, बहुतेक माजी विद्यार्थी, नोकरीत ५ ते १५ वर्षं झालेले. (मुद्दाम मेंटॉर म्हणते आहे. 'मार्गदर्शक' म्हटलं की सगळ्यांना प्रकल्पाचे प्राध्यापकच आठवतात.)

यातून कुणाला नोकरी लागावी अशी अपेक्षा नाही. दोन-तीन क्षेत्रं मनात असतील तर त्यातलं कुठलं खरंच जमेल, रुचेल, एवढं कळावं. नेमकं तेच होत नाही. अहवालांमध्ये 'खूप शिकायला मिळालं, टीमवर्क समजलं' एवढंच येतं. मेंटॉरची पहिली भेट उत्साहात होते, दुसरी लांबते, तिसरी होतच नाही.

जाणकारांनी सांगावं: इंटर्नशिपच्या आधी मुलांकडून काय करून घ्यावं? संस्थेशी काय ठरवावं? आणि मेंटॉरच्या भेटी टिकाव्यात म्हणून काय बांधणी लागते? तत्त्वं माहीत आहेत, मला प्रत्यक्ष करण्याजोगं हवं आहे.

सुकाणू

आधी काय करून घ्यावं, तेवढ्याबद्दल लिहितो.

मूल इंटर्नशिपला जाण्यापूर्वी त्याच्याकडून एक अंदाज लिहून घ्या. एकच पान, आणि त्यावर तारीख. त्यात तीन गोष्टी: या क्षेत्रातला माणूस सकाळी ९ ते संध्याकाळी ६ नेमकं काय करतो असं मला वाटतं, त्यातलं काय मला आवडेल आणि का, आणि काय दिसलं तर मी म्हणेन की हे माझं नव्हे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि मुलं तीच टाळतात. ती लिहून घेतल्याशिवाय पान स्वीकारू नका. आधी अंदाज लिहिलेला नसला की ८ आठवड्यांनी मन सोयीस्करपणे म्हणतं, 'मला हे असंच वाटलं होतं.' मग तपासायला काही उरतच नाही.

दुसरं, रोजची नोंद. दिवसाच्या शेवटी ५ मिनिटं, त्याहून जास्त नको, नाहीतर चौथ्या दिवशी बंद पडते. अडीच-तीन तासांचा एक असे दिवसाचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकासमोर काम, सोबत कोण, आणि वेळ कसा गेला हे लिहायचं. अशी:

'सकाळ: ग्राहकांच्या दोन याद्या जुळवल्या, एकटीने. सुरुवातीला कंटाळा, मग नावांच्या स्पेलिंगमधल्या चुका शोधण्यात रमले. दुपार: मीटिंगला बसले, ५ जण. बोलायचं नव्हतं तरी दमले. संध्याकाळ: जुळलेल्या यादीचा तक्ता बनवला. घड्याळ पाहिलं नाही.'

अशा ३५-४० नोंदी झाल्या की रंगीत पेन घेऊन बसवा. घड्याळ न पाहिलेले तुकडे एका रंगात, रेटून नेलेले दुसऱ्या रंगात. वरच्या मुलीचं 'मार्केटिंग आवडलं की नाही' हे तरीही कळेलच असं नाही, पण बारीक तपासणीचं काम तिला धरून ठेवतं आणि मोठ्या बैठका तिला थकवतात, हे कळेल. क्षेत्र बदललं तरी ही माहिती तिच्या कामाचीच राहते.

डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं त्यात अनुभव, त्यावर विचार, त्यातून निष्कर्ष आणि पुन्हा प्रयोग अशा चार पायऱ्या आहेत. आपल्या इंटर्नशिपमध्ये पहिली पायरी होते आणि शेवटच्या दिवशी थेट तिसरी लिहून मागतो. अहवाल पोकळ येतात ते त्यामुळे.

नोंदवहीत ग्राहकांची नावं, आकडे, पासवर्ड लिहायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावा.

रानवाट

सुकाणूंशी सहमत, पण एक मोठा खड्डा सांगायचा राहिला.

इंटर्नला मिळणारं काम म्हणजे तो पेशा नव्हे. त्याला उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं मिळतं. वकिलाच्या कार्यालयात कागद लावले म्हणून वकिली कळली असं होत नाही, आणि कागद लावायचा कंटाळा आला म्हणून वकिली नावडती ठरत नाही. म्हणून 'आवडलं नाही' हे उत्तर कधीच एकसंध घेऊ नका. त्याचे तीन भाग करायला लावा: काम आवडलं नाही, की जागा आणि माणसं आवडली नाहीत, की नवख्याच्या वाट्याला येणारा भाग आवडला नाही? पहिलं असेल तर क्षेत्राचा फेरविचार करावा. दुसरं असेल तर तेच काम वेगळ्या आकाराच्या संस्थेत पाहावं. तिसरं असेल तर फक्त वरची पायरी पाहायला मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ती पायरी दाखवण्याची सोय आखणीतच करा. ८ आठवड्यांत दोन अर्धे दिवस मुलाने नुसतं शेजारी बसून बघायचं: एकदा २ वर्षं झालेल्या माणसाच्या, एकदा ८-१० वर्षं झालेल्याच्या. हातात वही, तोंड बंद, प्रश्न शेवटच्या २० मिनिटांत. बऱ्याचदा दिसतं की वर जाताना मूळ काम कमी होत जातं आणि माणसं सांभाळणं, हिशेब, ग्राहकाची समजूत काढणं वाढतं. ज्याला यंत्राशीच खेळायचंय त्याला हे आधी कळलेलं बरं.

कंदील

दोन्ही प्रतिसाद फार उपयोगी, आभार. 'तीन भाग करा' हे तर लगेच फॉर्ममध्ये घालते.

पण मुळात संस्थेने कामच दिलं नाही तर? मुलं दिवसभर बसून राहतात किंवा झेरॉक्स आणि फायलिंग करतात. संस्थेला दुखवायचंही नाही, कारण जागा आधीच कमी.

सुकाणू

यात संस्थेच्या मनात खोट असते असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा इंटर्नला होकार देणारा माणूस वेगळा आणि ज्याच्या टेबलाशी तो येऊन बसतो तो वेगळा असतो. दुसऱ्याला सोमवारी सकाळी कळतं. म्हणून एक पानी लेखी ठराव करा आणि त्यावर त्या दुसऱ्या माणसाची सही घ्या. त्यात पाच गोष्टी पुरतात: सुपरवायझरचं नाव, आणि तो रजेवर गेला तर कोण, शेवट असलेलं एक काम, आठवड्याला ४५ मिनिटं ठरलेल्या वाराची भेट, वर रानवाट म्हणतात ते दोन अर्धे दिवस, आणि अहवालात काय छापायला चालेल, काय नाही.

'शेवट असलेलं काम' म्हणजे काय ते संस्थेला उदाहरणासकट सांगावं लागतं. 'सोशल मीडियात मदत' याला शेवट नाही. 'गेल्या १२ महिन्यांतल्या तक्रारींचं वर्गीकरण आणि ४ पानी टिपण' याला आहे. काम खरं हवं, पण ज्याची मुदत गळ्याशी आलेली नाही असं हवं. मुदत जवळ आली की सुपरवायझर ते काम स्वतःकडे ओढून घेतो, आणि मूल पुन्हा रिकामं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तुमचा एक फोन जायलाच हवा, मुलाला वेगळा आणि सुपरवायझरला वेगळा. पहिला आठवडा लॉगिन आणि ओळखींत जातो, दुसऱ्यात चुका होतात, तिसऱ्यात खरं चित्र दिसतं. पाचव्या आठवड्यात गाडी अडलेली कळली तर हातात काही उरत नाही. फोनवर 'कसं चाललंय?' विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर येतं. 'या आठवड्यात काय पूर्ण झालं आणि ते कुणी तपासलं?' असं विचारा. तपासणारा कुणीच नसेल तर दुखणं तिथे आहे.

उंबरठा

मेंटॉरबद्दल लिहिते.

सुपरवायझर, प्राध्यापक आणि मेंटॉर ही तीन वेगळी माणसं असू द्या. जो मूल्यमापन करणार आहे त्याच्यासमोर 'मला हे काम झेपत नाही' असं कुणी म्हणत नाही, आणि मेंटॉरिंगमध्ये तेच तर बोलायचं असतं. अमेरिकन संशोधक कॅथी क्रॅम यांनी १९८० च्या दशकात मेंटॉरच्या नात्याचा अभ्यास केला तेव्हा त्याच्या दोन बाजू मांडल्या: करिअरला मदत (ओळख करून देणं, आव्हानात्मक काम मिळवून देणं) आणि मनाला आधार (ऐकून घेणं, स्वीकारणं, आदर्श असणं). या दुसऱ्या बाजूला भीतीमुक्त जागा लागते.

४८ मुलं आणि १६ मेंटॉर म्हणजे प्रत्येकी ३. हे प्रमाण चांगलं आहे, याहून वाढवू नका. जोड्या लावताना निव्वळ क्षेत्र जुळवत बसू नका. उलट, मुलाच्या घरच्या आणि ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा मेंटॉर द्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा प्रसिद्ध निबंध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'वारंवार' म्हणणारे सुमारे १७ टक्केच निघाले. सुमारे ५६ टक्के म्हणाले 'अधूनमधून' आणि सुमारे २८ टक्के 'क्वचित'. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही बहुतेक माहीत असतंच, नवी माहिती दूरच्या ओळखीतून येते.

आता भेटी का सुटतात ते. 'वेळ मिळेल तेव्हा भेटू' असं ठरतं म्हणून. चारही तारखा पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर टाका: इंटर्नशिपच्या आधीच्या आठवड्यात, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, पाचव्यात, आणि संपल्यावर १० दिवसांच्या आत. प्रत्येकी ४० मिनिटं. आदल्या दिवशी मुलाने मेंटॉरला तीन ओळी पाठवायच्या. तीन ओळी आल्या नाहीत तर भेट रद्द न करता पहिली १० मिनिटं त्या लिहिण्यात घालवायची. नमुना असा:

'नमस्कार सर, उद्या ५ वाजताच्या भेटीसाठी: १) टिपणाचा पहिला मसुदा दिला, त्यात सगळ्यात जास्त खाडाखोड निष्कर्षांच्या भागात झाली. २) मंगळवारच्या नोंदीचं पान सोबत जोडलं आहे. ३) मला विचारायचं आहे की या कामात निर्णय नक्की कोण घेतं, कारण मला ते अजून दिसलेलं नाही.'

'मार्गदर्शन करावे ही विनंती' एवढंच लिहिलं तर समोरचा भला माणूस ४० मिनिटं आपली जीवनकथा सांगतो. दोष त्याचा नाही, त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नसतं. मेंटॉरनाही एक वाक्य सांगून ठेवा: पहिली १५ मिनिटं सल्ला द्यायचा नाही, नोंदीच्या पानावरच प्रश्न विचारायचे.

रानवाट

उंबरठा यांच्या प्रतिसादाला +१. त्याला एक जोड.

मेंटॉर म्हणजे त्या पेशात टिकलेला माणूस. साहजिकच तो टिकण्याची कारणं सांगतो. म्हणून प्रत्येक मुलाने तो पेशा सोडलेल्या एका तरी माणसाशी २० मिनिटं बोलावं. 'का सोडला?' यापेक्षा 'तिथलं कोणतं काम अजूनही करावंसं वाटतं?' हा प्रश्न जास्त सांगून जातो. असा माणूस मेंटॉरलाच मागायचा, त्यांच्याकडे नावं असतातच.

आणि कृपया, ज्यांना सुट्टीत कमावणं भाग आहे त्यांचा विचार आधी करा. ८ आठवडे बिनपगारी राहणं सगळ्यांना परवडत नाही, आणि मग अनुभव त्यांनाच मिळतो ज्यांच्या घरात आधीच ओळखी आहेत. मोबदला देणाऱ्या जागा असतील तर त्या अशा मुलांसाठी राखा. नसतील तर २५-३० तासांचं घरून करण्याजोगं काम आणि दोन दिवस शेजारी बसून पाहणं, एवढ्यातही अंदाज तपासता येतो. नोंदवही आणि मेंटॉर मात्र पूर्ण द्या, तिथे काटछाट नको.

पानगळ

विद्यार्थ्यांच्या बाजूने एक प्रश्न: 'हे क्षेत्र नको' असं ठरलं, तर अहवालात आणि पुढे मुलाखतीत ते कसं सांगायचं? मुलं घाबरतात की गुण जातील.

सुकाणू

गुण निष्कर्षाला द्यायचेच नाहीत. नोंदी नियमित आहेत का, सुरुवातीच्या पानावरचा अंदाज आणि शेवटचा निष्कर्ष यांतला फरक नोंदींतल्या पुराव्याने दाखवला आहे का, यालाच गुण. 'नको' म्हणणारा अहवाल पुराव्यासकट असेल तर तो पैकीच्या पैकी घेऊ शकतो, हे मुलांना जाण्यापूर्वीच लेखी कळवा.

मुलाखतीत आधी पूर्ण केलेलं काम सांगायचं, मग त्यातला कोणता भाग पुढे करायचा आहे ते. 'तक्रारींचं वर्गीकरण करून ४ पानी टिपण दिलं. त्यात माहिती लावण्याचा भाग जमला, फोनवर ग्राहकाशी बोलण्याचा नाही, म्हणून आता विश्लेषणाकडे वळते आहे.' यात खोटं काही नाही आणि कुणाची निंदाही नाही. त्या संस्थेबद्दल, सुपरवायझरबद्दल वाईट बोलायचं नाही, एवढं पाळलं की पुरे.

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. अंदाजाचं पान, ठरावाचं पान आणि भेटींचं वेळापत्रक या आठवड्यात तयार करते. एकच शंका उरली: चौथ्या भेटीनंतर नातं कसं ठेवायचं? काही मेंटॉर विचारतात की त्यांची जबाबदारी कधी संपते.

उंबरठा

ती तारीख पहिल्याच भेटीत जाहीर करा. शेवट ठरलेला नसला की दोघंही अवघडतात, मूल त्रास नको म्हणून लिहीत नाही आणि मेंटॉरला वाटतं गरज नसेल. क्रॅम यांच्या मांडणीतही नात्याचे चार टप्पे आहेत: सुरुवात, जोपासना, विलगपणा आणि मग बदललेलं नातं. तिसरा टप्पा नीट पार पडला तर चौथा येतो.

चौथ्या भेटीत शेवटची ५ मिनिटं त्यासाठी राखा. मुलाने म्हणायचं, 'कार्यक्रम आज संपला. पुढचा विषय निवडला की मी एक ईमेल पाठवीन, चालेल ना?' आणि तो ईमेल खरंच पाठवायचा, चार ओळींचा: काय ठरलं, तुमची कोणती गोष्ट त्यात उपयोगी पडली, आता मी काय करते आहे. शेवटी काहीही मागायचं नाही. तुम्ही तुमच्या यादीत प्रत्येक मुलासमोर त्या ईमेलच्या तारखेचा रकाना ठेवा आणि आठवण करून द्या, कारण हाच ईमेल मुलं सगळ्यात जास्त विसरतात.