शेतावरच्या भरीत पार्टीला कुत्र्याला नेताना

ताई, हिवाळ्यात जळगावला माहेरी आल्यावर शेतातल्या भरीत पार्टीला तुमच्या लॅब्राडोरला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर न्या! मोकळं रान, मऊ माती, माणसांचा गोतावळा. त्याला याहून मोठं सुख नाही.

फक्त भरीत त्याला अजिबात देऊ नका. वांग्यामुळे नव्हे, कांद्याची पात आणि लसणामुळे. या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्यानेही त्यातलं विष जात नाही, आणि लक्षणं बऱ्याचदा काही दिवसांनी दिसतात: मरगळ, फिकट हिरड्या, गडद लघवी. तोवर पार्टी सगळे विसरलेले असतात, म्हणून हे जास्त धोक्याचं वाटतं. पत्रावळी लगेच उचला आणि लाडाने घास भरवणाऱ्या काकू-मावशींना आधीच सांगून ठेवा. ज्वारीच्या कोऱ्या भाकरीचा तुकडा किंवा सोललेल्या केळ्याच्या दोन चकत्या चालतील. द्राक्षं, मनुका मात्र नकोच.

गोठ्याजवळ बांधू नका, गोचीड चिकटतात. घरी आल्यावर कानामागे आणि बोटांच्या फटीत बघा.

उन्हाळ्यात येणार असाल तर गोष्ट वेगळी. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. तेव्हा मेहरूण तलावाकडची चक्कर पहाटेच उरका. संध्याकाळी डांबर बराच वेळ तापलेलं राहतं, तळहात टेकवून बघा आणि मगच त्याला खाली उतरवा.